चाळणी घेऊन ग्रहणाला

मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहण आलं की मला भाषण केल्याशिवाय राहवत नाही. छोटं असो, मोठं असो, आपल्याकडं दिसणार असो वा नसो, आदल्या दिवशी परिपाठाला मी माईक हातात घेणारच. घाबरायचं नाही, उपाशी राहायचं नाही, हा नुसता सावल्यांचा खेळ आहे, असं सांगणार. शेवटी सगळ्या शाळेकडून एक वाक्य म्हणवून घेणार: सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका सरळ रेषेत आले आणि चंद्राची सावली पृथ्वीवर पडली, की सूर्यग्रहण होतं. मुलं हे वाक्य प्रतिज्ञेसारखं म्हणायची. एवढं सगळं करून खग्रास ग्रहण मी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. ही गोष्ट मुलांनी कधी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

दोन हजार नऊच्या जुलैत इंदूरकडून खग्रास ग्रहण जाणार होतं. आमच्या गावाच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद होतं. इथं सूर्य बराचसा झाकला जाणार होता, पण पूर्ण नाही. ‘बराचसा’ हा शब्द मला अपमानासारखा वाटला. सकाळी फिरायला जाताना मी माझ्या दोन मैत्रिणींपुढं इंदूरचं काढलं. एक सरकारी दवाखान्यात नर्स. वस्तीतल्या विहारात दर रविवारी लहान मुलांचा वर्ग घेणारी, बोलायला सडेतोड. दुसरीचं क्रांती चौकाजवळ लेडीज टेलरिंगचं दुकान. आमच्या तिघींत गाडी चालवता येणारी ती एकटीच, त्यामुळं तिच्या होकाराशिवाय कुठलाच बेत पक्का व्हायचा नाही.

“जुलैत? अगे, बादलां रहते ना तब,” टेलर मैत्रीण म्हणाली.

“सकाळी सकाळी आकाश स्वच्छ असतं,” मी ठोकून दिलं. याला कुठलाच आधार नव्हता.

“हिला सगळं माहिती असतंय बाई,” नर्स म्हणाली. “चला जाऊ. मला लई दिवसांनी सुट्टी मिळायलीय.”

निघताना सासूबाई म्हणाल्या, “जातेस तर जा. पण ग्रहणात तोंडात काही घालू नकोस.”

“मी तर मुद्दाम खाणार आहे,” मी म्हटलं. “ग्रहण लागलेलं असताना, सगळ्यांसमोर, प्लेट भरून पोहे.”

मी स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी उचलली तेव्हा त्यांनी “ती कशाला?” असं विचारलं. चाळणीच्या भोकांतून ऊन पाडलं की जमिनीवर सूर्याच्या शेकडो कोरी दिसतात, हे मी त्यांना दारात उभ्यानं समजावलं. खाली गाडीचा हॉर्न वाजत होता.

कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळे, सेंधवा. वाटेत मी दोघींना ग्रहणाचे सगळे टप्पे शिकवले. शिरपूरच्या पुढं नर्स मागच्या सीटवर झोपली. टेलर मैत्रिणीला झोपता येत नव्हतं, म्हणून तिनं सगळं ऐकलं. महूच्या अलीकडं एका लॉजवर मुक्काम केला. तिथल्या मॅनेजरनं आमच्या बॅगांकडं बघितलं, चाळणीकडं बघितलं आणि स्वयंपाक खोलीत करायचा नाही असं बजावलं.

सकाळी उजाडायच्या आत आम्ही जवळच्या एका ढाब्यावर गेलो. ढाब्याला मोकळी गच्ची होती आणि पूर्वेकडं नुसती शेतं. मी मान वर केली. आकाश गोधडी पांघरल्यासारखं गच्च होतं. एक चांदणी नाही.

“सकाळी सकाळी स्वच्छ असतं म्हणं,” नर्स म्हणाली.

“अजून वेळ आहे,” मी म्हटलं आणि पोह्यांची ऑर्डर द्यायला खाली गेले.

ढाबेवाला भट्टीतले निखारे विझवत होता. ग्रहण सुटेपर्यंत भट्टी बंद, म्हणाला. मला आयतीच संधी मिळाली. माझ्या हिंदीत मी त्याला सूर्यमाला समजावली. सूर्य कोणाला खात नाही आणि सूर्याला कोणी खात नाही, हेही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मैडम, ट्रकवालों के लिए पहले के बने हुए पोहे रखे हैं. मैं तो गाय को डालने वाला था. आप खा लीजिए,” असं म्हणून त्यानं भरलेली प्लेट माझ्या हातात दिली. पैसेही घेईना.

प्लेट घेऊन मी विजयी मुद्रेनं गच्चीवर आले. तिथं ढाबेवाल्याची म्हातारी आई खुर्ची टाकून बसली होती. माझ्या दुसऱ्या हातातल्या चाळणीकडं तिचं लक्ष गेलं.

“बेटा, छलनी काहे को? करवा चौथ तो कार्तिक में आती है.”

नर्सला इतकं हसू आलं की तिनं कठड्याला धरलं. मी चाळणी खुर्चीखाली सरकवली.

उजाडलं, पण सूर्य कुठं आहे ते ढगांमुळं कळेना. आमचे खास मागवलेले ग्रहणाचे चष्मे लावले तर शेजारची नर्ससुद्धा दिसेना. तेवढ्यात टेलर मैत्रिणीनं खालच्या नळावर नमाजाआधीचा वजू केला, ओढणी नीट डोक्यावर घेतली आणि गच्चीच्या कोपऱ्यात चटई अंथरली.

“पहाटेची फजर तर झाली ना तुझी?” मी विचारलं.

“ये सूरजगहन की अलग रहती. तुम देखो आराम से.”

मी पोह्यांचा पहिला घास उचलला. खरं सांगायचं तर भूक अजिबात नव्हती. मी ते ॲसिडिटीच्या नावावर टाकलं आणि चमचा पुन्हा प्लेटमध्ये ठेवला.

मग पश्चिमेकडून अंधार आला. संध्याकाळ होते तसा नाही. संध्याकाळ आपल्याला सवय व्हायला वेळ देते. हा अंधार ढगांच्या पोटाखालून सरळ आमच्या दिशेनं चालत आला. आधी लांबची झाडं गेली, मग शेतं, मग रस्ता. कावळे ओरडत होते ते एकदम गप्प झाले. रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे लागले. वारा गार झाला आणि क्षितिजावर चहूकडून तांबूस पट्टा उमटला, जणू आम्ही एखाद्या प्रचंड झाकणाखाली सापडलो होतो.

यातली प्रत्येक गोष्ट मी वर्गात फळ्यावर लिहून दिलेली आहे. पक्षी शांत होतात. तापमान उतरतं. क्षितिज उजळ दिसतं. पण ते माझ्या अंगावर येईल, हे मी कधी लिहिलं नव्हतं. हातातली प्लेट कधी पडली ते कळलं नाही. देवाचं काहीतरी म्हणावं असं आतून जोरात वाटलं. पण सासूबाई दिवेलागणीला म्हणतात त्या स्तोत्राची मी इतकी वर्षं थट्टाच केली होती, त्यामुळं त्यातली एक ओळसुद्धा येईना. तोंडातून जे पाठ होतं तेच बाहेर पडलं.

“सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका सरळ रेषेत आले आणि चंद्राची सावली पृथ्वीवर पडली, की सूर्यग्रहण होतं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी...”

मी ते म्हणतच राहिले. मोठ्यानं, डोळे घट्ट मिटून, प्रत्येक वेळी आणखी भरभर. कोणीतरी माझं मनगट पकडलं. ती नर्स होती; माझी नाडी बघत होती. “श्वास घे,” ती म्हणाली. “हळू. मी हाय इथं.”

मी डोळे उघडले तेव्हा पश्चिमेचं आकाश उजळायला लागलं होतं. बघता बघता सकाळ परत आली आणि एक कोंबडा आरवला. जे बघायला मी एवढ्या लांबून आले होते, त्यातला बराचसा भाग मी डोळे मिटून काढला होता. म्हातारी खुर्चीतून उठून हात जोडून माझ्यासमोर उभी होती.

“बहुत असर है तुम्हारे मंतर में,” ती म्हणाली. “मराठी का है ना? मुझे भी सिखा दो.”

मी नर्सकडं बघितलं. नर्सनं चेहरा फिरवला, तिचे खांदे हलत होते. समजावून सांगण्याची माझी सगळी हौस नेमकी त्या वेळी संपली होती. मी म्हातारीला दोन वेळा म्हणून दाखवलं. “एका सरळ रेषेत” तिला जड गेलं, पण तिनं चिकाटीनं पाठ केलं आणि शेवटी आकाशाकडं बघून नमस्कार केला. जाताना तिनं आम्हाला कणकेचे लाडू बांधून दिले.

परतीच्या वाटेवर दोघींनी मला सेंधव्यापर्यंत सोडलं नाही. एकीनं “सूर्य, चंद्र” म्हणायचं, दुसरीनं “स्वाहा” म्हणायचं. सेंधव्याच्या पुढचा घाट उतरून चहाला थांबलो तेव्हा कुठं मी टेलर मैत्रिणीला विचारलं, “तुला भीती नाही वाटली?”

“वाटली की,” ती म्हणाली. “डर लगता इसलिए च तो पढ़ते. पण मला काय करायचं ते माहिती होतं, इतकंच.”

“आणि तुला?” मी नर्सला विचारलं.

“मला कुठला टाइम? तुझे ठोके असे पळायलेते, मी म्हटलं आता हिला उचलून न्यावं लागतंय.” मग तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. “पण थोडं बघितलं मी. लई भारी होतं ते. तू बघायला पायजे होतं.”

घरी पोहोचले तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या आणि नवरा जागा होता. त्यानं दार उघडता उघडताच सुरुवात केली. सकाळी तो दात घासत गच्चीवर गेला, तर ढग जरासे फाटले आणि आत सूर्याची एवढीशी, नखाएवढी कोर. चष्मा नाही, काही नाही. ढगच चष्म्याचं काम करत होते. खालचे भाडेकरूही वर आले. सगळ्यांनी आरामात बघितली.

“तुझ्याकडं कसं दिसलं?” त्यानं विचारलं. “तिथं तर पूर्ण झालं असेल ना?”

“पूर्ण झालं,” मी म्हटलं आणि बॅग आत नेऊन ठेवली. तो माझ्या मागं मागं येत कोर कशी तिरकी होती ते हातानं दाखवत होता. त्याची दिशा उलटी होती. मी पहिल्यांदाच कोणाची चूक दुरुस्त केली नाही.