बाबांच्या साखरेचे सूर

आमच्या घरी आकडे वाचत नसत, वाजवत. एक म्हणजे सा, दोन रे, असं करत सात नी, आठ वरचा सा, नऊ वरचा रे. शून्याला गप्प बसायचं. हे खूळ बाबांचं. ओझरच्या कारखान्यातून आले, चहा घेतला, की पेटी पुढ्यात ओढून म्हणायचे, "सांग गं कुणाचा तरी फोन नंबर." निफाडच्या मावशीचा नंबर मला अजून चालीवरच पाठ आहे. पुढे सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला, तेव्हा "चांगल्या चालींची वाट लावली लेकाच्यांनी!" म्हणून दोन दिवस धुसफुसत होते.

मग ते निवृत्त झाले, आई गेली, आणि मधुमेहानं त्यांचे डोळे नेले. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. रोज सकाळी बोटाला सुई टोचून मी मशीनवर साखर बघायची. "सांगू नकोस, वाजव," म्हणायचे. नियमही त्यांचाच: पहिला सूर सा आला तर दुपारी भात, रे आला तर नुसती भाकरी, आणि ग आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

त्यांच्या वाढदिवसाला दोनशे चाळीस आली. मी सा वाजवला. काय खुलले म्हणून सांगू! तिथंच मी बिघडले. पुढे रे आला तरी सा, ग आला तरी सा. त्यांचं पडलेलं तोंड बघवायचं नाही हे खरं, आणि डॉक्टरकडे न्यायला रजा टाकावी लागायची हेही खरं. आता कशाला लपवू?

त्यांच्या अंगठ्याला चप्पल लागली. जखम भरेना. "साखर ताब्यात आहे, होईल बरी," असं तेच मला समजवायचे आणि मी करंटी हो म्हणायची.

पाऊल काळं पडलं तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "साखर तीनशे बारा. पाय काढावा लागेल." बाबा हळूच म्हणाले, "ग, सा, रे." आणि माझ्या दिशेनं तोंड करून, "हे आपल्याकडे कधी वाजलं नाही गं."

मी तिथंच सगळं सांगितलं. त्यांचा धड पाय धरून रडले. ते रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

गुडघ्याखाली पाय गेला. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी सुई टोचली आणि पेटी पुढे ओढली.

"वाजवू, बाबा?"

"नको," ते म्हणाले. "शेजारच्या काकूंना बोलाव. त्या वाचतील."