खालच्या मजल्यावरचं बाराशे एकोणपन्नास

जगातली यच्चयावत माणसं चालू सालात राहतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका तेवढे इसवी सन १२४९ मध्ये राहत आणि दूध आणण्यापुरते वाशीत येत. ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. तेव्हाची वाशी म्हणजे ओल्या चुन्याचा वास, सेक्टरचे नंबर आणि खाडीवरचे डास. कॉलनीतल्या सगळ्यात थोराड झाडालासुद्धा अजून काठीचा आधार होता. अशा ठिकाणी काकांना सातशे वर्षांपूर्वीचं एक अख्खं वर्ष सापडलं आणि लोक मांजर पाळतात तसं त्यांनी ते पाळलं.

काकांनी उभा जन्म एका छापखान्यात पंचांगांची प्रुफं तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाले तरी खिशातली लाल पेन्सिल निवृत्त झाली नाही. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना त्यांनी कपाटातली आमची लग्नपत्रिका मागून घेतली, तिथी आणि वार यांचा मेळ बसत नाही म्हणून दोन ठिकाणी खुणा केल्या आणि मला परत देत म्हणाले, "पुढच्या वेळी लक्ष ठेवा." लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात त्या पुढच्या वेळेवरूनच बोलणी बसत होती.

इतरांच्या दिवाणखान्यात जिथे टीव्ही असे, तिथे काकांच्या घरी एक भलामोठा तक्ता होता. वर लाल अक्षरात १२४९, आणि खाली त्याच वर्षाची निरनिराळ्या घरची नावं. शके ११७१. विक्रम संवत १३०५, पण दिवाळीनंतर १३०६. हिजरी ६४७. पारशी ६१८. कलियुगाचं ४३५०. "वर्ष एकच हो," काका म्हणत, "पण माहेरी एक नाव, सासरी दुसरं." माहिती पुस्तकातून मिळत असली तरी ती माणसांकडून पडताळून घ्यायची त्यांची रीत होती. कोपऱ्यावरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या चाचांना ते हिजरी महिन्यांवरून इतकं पिडत, की काका दिसले की चाचा डोळ्याला भिंग लावून मान खाली घालत. दिवाळीच्या पाडव्याला सगळी वाशी फराळाच्या ताटाशी बसलेली असताना काका वाण्याच्या दुकानात जाऊन म्हणाले, "शेठ, अभिनंदन! तेराशे सहा लागलं." शेठ बिचारा गल्ल्यावरून उठून म्हणाला, "काका, जुना माल आपल्याकडे नाय. डायरेक्ट मस्जिद बंदरला भेटेल." काकू कपाळाला हात लावत. "आमच्या लग्नाचा वाढदिवस विचारा, आठवायचा नाही. पण त्या साली अधिक महिना कधी आला ते झोपेतून उठवून विचारा!"

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक दगड होता. तळवलीच्या वाटेवर एका शेताच्या बांधाला तो उभा होता. वर चंद्र-सूर्य, खाली कुणा राजाच्या वेळच्या दानाचा लेख. आकडा स्वच्छ वाचता येई, ११७१. त्यापुढे संवत्सराचं नाव होतं, पण ते शेंदराखाली गडप. गावाने दगडाचा देव केला होता आणि त्याची देखभाल एका म्हातारीकडे होती. तिला सगळे मावशी म्हणत. काकांनी पहिल्याच भेटीत शेंदूर जरासा खरवडू का, असं विचारलं तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देवाचा आंगरखा कुनी उतरवतं का, मास्तर? शिकलेलं मानूस हाय ना तुमी?" काका ओशाळले. मावशीची मर्जी राखावी म्हणून मग ते दर शनिवारी तेल आणि शेंदूर घेऊन जाऊ लागले. अशी सात वर्षं गेली. जे अक्षर वाचायला जीव तडफडत होता, त्याच्यावर हा गृहस्थ दर आठवड्याला स्वतःच्या हाताने एक थर चढवत होता!

नावावाचून अडत होतं ते एवढ्यासाठी. शक लिहिताना जुने लोक बहुधा सरलेलं, म्हणजे पूर्ण झालेलं वर्ष लिहीत. पण एखादा चालू वर्षही लिही. संवत्सराचं नाव 'सौम्य' निघालं तर काकांचं १२४९ खरं. त्याच्या आधीचं 'कीलक' निघालं तर आकडा चालू वर्षाचा ठरून सगळंच एक वर्ष मागे घसरणार. काकांनी बहुधाच्या बाजूने कौल देऊन तक्ता रंगवला होता, आणि त्या वर्षी कॉलनीच्या गणेशोत्सवात त्याच तक्त्यावर त्यांचं भाषण ठरलं होतं. काका महिनाभर आरशासमोर तालीम करत होते.

भाषणाच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मी त्यांना स्कूटरवरून दगडाशी नेलं. पाहतो तर जड झालेलं शेंदराचं कवच आपसूक गळून खाली पडलेलं, आणि मावशी नव्या शेंदराची वाटी घेऊन बसलेली. काका गुडघ्यांवर बसले. बोटाने एकेक अक्षर चाचपलं. मग पुन्हा एकदा. "कीलक," म्हणाले आणि तिथेच चिखलात बसून राहिले.

परतताना माझ्याने राहवेना. म्हटलं, "काका, कशाला टेन्शन घेता? संध्याकाळपर्यंत मावशी पुन्हा शेंदूर लावणार. आपल्या दोघांशिवाय कुणी वाचलंय?"

"प्रुफात चूक दिसली," काका मागून म्हणाले, "आणि पान तसंच छापायला सोडायचं?"

दिवेलागणीला मी खाली डोकावलो, तर ते स्टुलावर चढून तक्ता दुरुस्त करत होते. १२४९ चं १२४८, हिजरी ६४७ चं ६४६, पारशी, विक्रम, कलियुग, सगळ्यांचा एकेक कमी. दगडावरचा आकडा तेवढा जागच्या जागी राहिला. पाठमोऱ्या काकांचे खांदे हलताना दिसले, आणि मी आल्या पावली वर गेलो. त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाषणाला उभे राहिले ते "मंडळी, आधी शुद्धिपत्र" म्हणूनच. आपली चूक त्यांनी अर्धा तास इतक्या बारकाईने समजावून सांगितली, की लोकांना वाटलं हेच भाषण. पुढच्या रांगेत मुद्दाम बोलावलेली मावशी होती. ती मध्येच उठली. "म्हंजे आमचा देव येका वरसानं मोठा झाला?"

"झाला, मावशी."

"मंग तोंड कनाला पाडून बसलाव? नारल फोरा!"

मंडपात हशा उसळला आणि काकाही हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले. नारळ खरोखरच फोडला. त्यानंतर ते १२४८ मध्ये राहायला गेले आणि तिथेही तितकेच सुखी होते.

तीनेक वर्षांनी काका गेले. खालच्या फळ्यावर सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि वयापाशी खडू अडला. काकू म्हणाल्या होत्या, एकाहत्तर पूर्ण. मुलगा म्हणाला होता, बहात्तरावं चालू. असला पेच सोडवणारा माणूस सबंध कॉलनीत एकच होता, आणि आम्ही त्याच्याच तयारीला लागलो होतो. मला एकदम फार पोरकं वाटलं. सरलेलं वर्ष लिहायला काही केल्या हात धजेना. मी चालू लिहिलं.