आमच्याच कोठडीतला संशयित

ती घटना आठवली की आजही कान गरम होतात. इतर निवृत्त अधिकारी आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडे तो माल कमी आहे, म्हणून ही सांगतो.

तेव्हा मी नागपूरला हिंगण्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका रविवारी दुपारी तिथल्या कारखान्याचं स्टोअर फुटलं आणि तांब्याच्या तारेची बंडलं गेली. पहारेकऱ्याने सकाळी दहाला कुलूप शाबूत पाहिलं होतं, चारला ते तुटलेलं होतं. फिर्यादी होता स्टोअरकीपर. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. पंचनामा झाल्यावर त्याने मला चहा पाजला आणि सहज म्हणाला, "मागं पारध्यांची वस्ती आहे, साहेब. मी कोणाचं नाव घेत नाही."

मी तीच खबर मानली. वर डायरीत 'गुप्त बातमीदाराकडून' असं लिहूनही टाकलं.

पारधी म्हणजे इंग्रजांनी कायदा करून जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली, रोज ठाण्यात हजेरी लावायला लावलेली जमात. तो कायदा केव्हाच रद्द झाला. पण आमच्या हद्दीत चोरी झाली की जीप त्या वस्तीकडेच वळायची, ड्रायव्हरला सांगावंही लागत नसे.

सोमवारी सकाळी एकाला उचलून आणलं. त्याची बायको मागोमाग पायी आली आणि फाटकाशी बसली. ती सांगत होती, दुसऱ्या दिवशी जात पडताळणी समितीपुढे मुलीची तारीख होती. बाप कागद घेऊन हजर झाला नाही, तर पोरीची नर्सिंगची जागा जाणार होती. असली कारणं सगळ्यांकडेच असतात, असं मनाशी म्हणून मी आत गेलो.

"काल दुपारी कुठं होता?"

"तुमाले माहीत हाय, साहेब."

दिवसभर हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मी आवाज चढवला, टेबल आपटलं, तावात उठताना स्वतःचाच गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर फोडून घेतला. शेवटी अहवालात लिहिलं, 'संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो.' वाक्य झकास जमलं असं वाटलं.

संध्याकाळी अटकेची नोंद घ्यायला आमच्या महिला हवालदारांनी लॉकअप रजिस्टर उघडलं आणि ते माझ्याकडे फिरवलं.

रविवारी मंत्र्यांचा दौरा होता. खबरदारी म्हणून वस्तीतले नऊ पुरुष आम्ही शनिवारी संध्याकाळी आत घेतले होते आणि रविवारी संध्याकाळी सोडले होते. यादीत चौथं नाव याचं, खाली सही माझी. चोरी झाली तेव्हा हा माणूस माझ्याच कोठडीत बसला होता.

मी सही तीनदा पाहिली. माझीच होती.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "हा ॲट्रॉसिटीत गेला तर आरोपी तुम्ही."

एक दिवस आणि एक रात्र माझ्या ताब्यात असलेल्या माणसाचा चेहरा मला आठवला नव्हता. जात तेवढी आठवली होती.

"काहून नाही सांगितलं गा?" मी त्याला विचारलं.

"सांगून काय होते, साहेब? तुमी म्हनलं असतं, कोठडीतून पळून चोरी केली. आनखी एक कलम लागलं असतं."

उद्या ऊन पडेल म्हणावं, तितक्या सहज तो हे बोलला.

मग सकाळीच करायला हवं होतं ते काम केलं, कारखान्याच्या फाटकावरची नोंदवही मागवली. रविवारी दुपारी एकच गाडी बाहेर गेली होती, गोड बोलणाऱ्या स्टोअरकीपरची. तार पुढे लकडगंजच्या एका भंगारवाल्याकडे सापडली.

त्याच रात्री त्या पारध्याला सोडताना मी माफी मागितली. पोलिसाला ते नीट जमत नाही. काही हवं का, असं विचारलं. मला वाटलं, तक्रारीसाठी कागद मागेल.

"एक नक्कल पायजे, साहेब," तो म्हणाला. "समिती म्हनते, पारधी हायस त याचा जुना पुरावा दे. माझा आजा रोज याच ठान्यात हजेरी लावाले येत होता. तुमच्या रजिस्टरात जात लिहिली असन."

हवालदारबाई आणि मी रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात बसलो. सापडलं. कडा वाळवीने खाल्लेलं पान, त्यावर आज्याचं नाव, अंगठा आणि पुढे 'पारधी'. मी नक्कल करून सही-शिक्का मारला. फाटकाशी बसलेल्या त्याच्या बायकोने तो कागद पदरात गुंडाळला.

पोरीची जागा वाचली. माझी चूक मीच डायरीत नोंदवली, तेव्हा कारणे दाखवा नोटीस आली. माझ्या खुलाशावर वरिष्ठांचा शेरा होता : 'अधिकारी उडवाउडवीची उत्तरे देतो.'

तेव्हापासून वस्तीकडे जीप वळण्याआधी मी आमचं रजिस्टर उघडू लागलो. कायदे तेव्हाही चांगले होते. तो पारधी आहे हे पटायला समितीला साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं पान लागलं. त्या सोमवारी सकाळी मला मात्र एकही पुरावा लागला नव्हता.