गिटार सुटली तेव्हा टँकर आला

घरात मोबाइलवर धडधडाट सुरू झाला की माझी पोरं दार लावून घेतात. बाबांना हे सोसणार नाही, असा त्यांचा समज आहे. बेंबळीच्या आसपासच्या दहा गावांत हेवी मेटलचा, म्हणजे याच धडधडाटाचा, एकमेव चाहता मी होतो, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. मी विशीतला. कॉलेज अर्धवट सोडून सोसायटीच्या गोदामात खताची पोती राखायला बसलो होतो. त्या वर्षी खत न्यायला कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळं माझं काम चोख चाललं होतं. पुण्याच्या मामेभावानं दिलेली एक कॅसेट मी त्या पोत्यांवर पडून दोन वर्षं ऐकत होतो. शब्द एकही कळायचा नाही, त्यामुळं मतभेदाचा प्रश्न नव्हता. तिच्यातल्या तिसऱ्या गाण्यात मधेच बाकी सगळं मागं सरायचं आणि गिटार एकटीच सुटायची, दावं तोडलेल्या खोंडासारखी. तेवढा तुकडा कुणीतरी समोर वाजवताना बघायचा, एवढीच माझी त्या वयातली महत्त्वाकांक्षा होती. आईच्या मते तिला महत्त्वाकांक्षा म्हणत नाहीत.

त्या उन्हाळ्यात पुण्याच्या कॉलेजची पोरं आमच्या पाझर तलावावर श्रमदानाला आली. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम ठरलेला. त्यातल्या चौघांनी गिटारी, ड्रम असा संसार सोबत आणला होता. मी कॅसेट दाखवली. गिटारवाल्याच्या तळहाताला फावड्यानं फोड आले होते. त्यानं कॅसेट उलटीपालटी करून बघितली आणि तिसरं गाणं येतं म्हणाला. मी त्याला घरनं हळद आणून दिली.

जागा म्हणजे आमचं गोदाम. सोसायटीचे चेअरमन माझे चुलते, तात्या. ते म्हणाले, गाणी कसली हायत ते आधी सांग. मी म्हणालो, भजनासारखीच असतात, जरा जोरात. तात्यांनी परवानगी दिली. वीजही त्या वर्षी झकास होती. विहिरींना पाणी नव्हतं, त्यामुळं एकही मोटार चालू नव्हती आणि दिव्याला असा उजेड आम्ही आधी कधी बघितला नव्हता.

अडचण एकच, टँकर. दोन-तीन दिवसांतून एकदा, सांजेला कधीतरी यायचा. ड्रायव्हरला पुढं अजून दोन वाड्या असायच्या. तो वेशीपाशी तीनदा हॉर्न वाजवायचा, कुणी आलं नाही तर पुढं निघून जायचा. घागरींची रांग दुपारपासून लागलेली असायची. माणसं मागनं पळत जायची. आईचे गुडघे पळण्यातले नव्हते. घरात पिण्यापुरती एक कळशी उरली होती.

मी निघालो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "गाण्याकडं एक कान ठिव. दुसरा हॉर्नकडं."

कार्यक्रमाला अख्खं गाव. आधी सत्कार. तात्यांनी चौघांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. ड्रमवाल्यानं टोपी घातली ती शेवटपर्यंत काढली नाही, त्यामुळं तो आमच्या ग्रामपंचायतीतला वाटत होता. मग पहिलं गाणं सुरू झालं आणि पत्र्यावरची चार वर्षांची धूळ आमच्या अंगावर आली. म्हाताऱ्यांनी उपरणं कानाला गुंडाळलं, पण उठलं कुणी नाही. फुकटचा कार्यक्रम अर्ध्यातनं सोडायची आमच्याकडं पद्धत नाही. तात्या पहिल्या ओळीत बसून माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत नव्हतो.

तिसरं गाणं लागलं. ड्रम मागं सरला, फोडांवर पट्टी बांधलेला हात वर गेला आणि गिटार सुटली. तेवढ्यात त्यात एक लांबलचक भोंगा मिसळला. शेजारचे आजोबा माझ्या कानात ओरडून म्हणाले, "ही पिपाणी बरी वाजवायलेत."

सगळ्या गावाला ती पिपाणीच वाटली. गाणं पाठ असलेला तिथं मी एकटा होतो. कॅसेटमध्ये या जागी पिपाणी नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आता सांगायला हरकत नाही. तो तुकडा सव्वा मिनिटाचा आहे. दुसरा हॉर्न झाला. मी गिटारवाल्याच्या बोटांकडं बघत उभा राहिलो. तिसरा हॉर्न झाला आणि चौथाही झाला. ड्रायव्हर आज दिलदार दिसतोय, असं मी स्वतःला सांगितलं. तुकडा संपला. मग मी स्टेजवर चढलो आणि माइक हातात घेऊन म्हणालो, "टँकर आलाय."

गोदाम रिकामं झालं. पुण्याची पोरं वाद्यं धरून उभी होती. एवढा झपाट्यानं झालेला अपमान त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. ड्रमवाला टोपीसकट आमच्या मागं धावत आला.

वेशीवर टँकर उभा होता. त्याच्या पुढच्या चाकासमोर आमच्या सहा घागरी ओळीनं मांडलेल्या आणि त्यांच्यापुढं रस्त्यात आई मांडी घालून बसलेली. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून थकला होता.

"मावशी, आलं की आता गाव. उठा," तो म्हणाला.

"समदं येऊ दी," आई म्हणाली.

पाणी सगळ्यांना मिळालं. ड्रमवाल्यानं चार घरांच्या घागरी वाहिल्या. भरलेली एक घागर माझ्या डोक्यावर, एक आईच्या डोक्यावर, असे आम्ही घरी निघालो. मारुतीपाशी आल्यावर तिनं विचारलं, हॉर्न ऐकू आला न्हाय का? मी म्हणालो, न्हाय. त्या गलक्यात कुठं ऐकू येतंय.

"मला तर वेशीवर गाणं ऐकू यायलं व्हतं," ती म्हणाली. "ती तार एकटीच वाजायली व्हती, तवा धरनं त्यो डायवर हॉर्न मारायला व्हता. ती थांबली, अन् मग तू आलास."

डोक्यावर घागर असताना मान खाली घालता येत नाही.

"वाजिवली बरी," ती म्हणाली, आणि आपल्या डोक्यावरची घागर उतरवून माझ्या खांद्यावर दिली. मग घरापर्यंत ती हात हलवत पुढं चालली. उरलेल्या चारही घागरी मीच आणल्या.

दुसऱ्या दिवशी माझी मान डावीकडं वळेना. असल्या कार्यक्रमात तालावर डोकं झटकून झटकून खऱ्या चाहत्याची मान आखडतेच, असं माझी पोरं आता मला समजावून सांगतात. मी हो म्हणतो.