दुपट्ट्याखालचा हात

नत्थुजी दुपारी गच्चीवर बसले की त्यांची बोटं आपोआप हलायला लागत. खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर ओढलेला, दोन्ही हात त्याच्याखाली, डोळे अर्धे मिटलेले. समोर अमरावतीच्या टोकाची नवी वस्ती, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेली तुरीची डाळ आणि पौषातलं पिवळं ऊन. नत्थुजींना यातलं काही दिसत नसे. ते कुठल्या तरी बाजारात पोचलेले असत. लिंबाखाली बैल बांधलेत, शिंगांना गेरू लावलाय, धुळीला कडब्याचा वास येतोय आणि कुणाचा तरी हात त्यांच्या हातात आहे. मग जिन्यातून त्यांच्या बायकोचा, मैनाबाईंचा आवाज येई, "अजी, किती बैल इकले आज?"

"एक जोडी राह्यली," नत्थुजी डोळे न उघडता सांगत. मैनाबाईही पुढे काही विचारत नसत, कारण राहिलेली जोडी दुसऱ्या दिवशी विकायची असे.

नत्थुजी मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे आणि जन्मभर बैलबाजारातले दलाल. आता ज्यानं बैलबाजार पाहिलाच नाही त्याला सांगायला हवं, की तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपल्या हातात समोरच्याचा हात घेतो, वर दुपट्टा टाकतो आणि बोलणं बोटांनी होतं. एक बोट, दोन बोटं, सगळी मूठ. भोवती बाजार लोटला तरी आकडा दुपट्ट्याखाली जन्मतो आणि तिथंच राहतो. एखाद्याला बैल का विकावा लागतोय हे त्याचं त्याला ठाऊक, चारचौघांत भाव पुकारून त्याची लाज कशाला काढायची? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते या लोकांनी अक्षरशः पाळलं.

त्यातही नत्थुजींचा हात वेगळा. माणसाचं तोंड काहीही बडबडो, घ्यायचं मनात असलं की त्याची बोटं पुढे येतात आणि नसलं की मागे सरतात, हे त्यांना तळव्यावर कळायचं. त्यांनी अंगठा दाबून धरला की विकणाऱ्यानं समजायचं, थांब, गडी अजून चढेल. त्यांनी मूठ उघडली की सौदा झाला. अकोल्याकडच्या बाजारातसुद्धा लोक म्हणत, नत्थुजीची मूठ उघडली म्हणजे देवानं उघडली. बाळापूरचे जैनुद्दीनभाई तर समोरचे दलाल, म्हणजे धंद्यातले वैरी. पण दोघांची दोस्ती अशी, की सौदा संपला तरी दुपट्ट्याखालचे हात सुटायचे नाहीत, गप्पा चालूच.

पुढे शेतात ट्रॅक्टर आले आणि बाजारात बैल दिसेनासे झाले. नत्थुजींनी कुणाला दोष दिला नाही. ते आणि मैनाबाई लेकीच्या नोकरीमागे अमरावतीला आले आणि बाजार गच्चीवर भरायला लागला.

लेक म्हणजे रागिणी, एकुलती एक. लहानपणी बापाच्या मागेमागे बाजार हिंडली, त्यामुळे बाराखडीच्या आधी बोटांची भाषा शिकली. मैनाबाई सोबत असल्या की ती गुपचूप बापाचा हात धरायची आणि दोन बोटं दाबायची. दोन बोटं म्हणजे बर्फाचे दोन गोळे, एक तिला, एक बापाला. मैनाबाईंना वाटे पोरगी किती शहाणी, हट्टच करत नाही. तीच रागिणी आता एका कापड गिरणीच्या लॅबमध्ये कापड तपासत होती. कापडावर नुसता हात फिरवून त्याचं सूत सांगायची. हा हात कुठून आला ते उघड होतं.

त्या गिरणीच्या मालकांनी इजिप्तमध्ये, समुद्राकाठच्या एका गावात, नवी गिरणी काढली. तीन वर्षांसाठी तिथं जाशील का, असं रागिणीला विचारलं. पगार, घर, सुट्या या गोष्टींवर पुण्याच्या हापिसातल्या मॅडम शनिवारी सकाळी फोन करणार होत्या.

इकडे घरात मात्र ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ असं सुरू झालं. मैनाबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं की तिकडच्या उन्हात पापड वाळतील, पण उंटिणीच्या दुधाचा चहा पोरीनं पिऊ नये. नत्थुजींनी एवढंच विचारलं, "तिकडं बैल असतीन का वं?"

"असतीन, बाबा. म्हशी तं हायेतच. नदीकाठची काळी जमीन हाये, आपल्यासारखी. कापूस बी होते."

ते ऐकून नत्थुजींना बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. त्या दिवसापासून गच्चीवरचा बाजार हळूहळू समुद्राकडे सरकायला लागला. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून तो त्यांना फुटलेल्या कपाशीच्या वावरासारखा दिसे, पांढरा आणि न संपणारा. काठावर बैलांच्या जोड्या उभ्या असत. त्या पांढऱ्या वावरात रागिणी चालत निघालेली असे, लहान, फ्रॉकमधली, पाठमोरी. नत्थुजी हाक मारायला तोंड उघडत आणि मग आठवे, की बाजारात तोंडानं बोलायचं नसतं.

खरं सांगायचं तर त्यांना लेक जायला नको होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही. बापानं लेकीच्या वाटेत आडवं यायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं.

जैनुद्दीनभाईंना त्यांनी फोन केला. त्यांचा मुलगा इमाद आखाती देशात होता. जाताना त्यानं पगार मन लावून वाढवून घेतला आणि सुटीचं विचारलंच नाही. त्याची आई, कुलसुमबी, वारल्या तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. जैनुद्दीनभाई म्हणाले, "नत्थुजी, तनखा की फिकर मत करो, वो तो बढता रहता. छुट्टी पक्की करो. घर आने का रास्ता पहले बांधो, जाने का बाद में."

शनिवारी सकाळी रागिणी बापाजवळ येऊन बसली. "बाबा, त्या मॅडम लय गोड बोलतात. पहिल्याच आकड्याले मी हो म्हणून टाकीन. तुमी माहा हात धरा."

"इंग्रजी बोलली तं मले काय समजीन?"

"मराठी बोलतात त्या. अन् तुमाले कोण्या बैलाची भाषा येत होती?"

रागिणीनं स्पीकर लावून फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला. नत्थुजींनी दुपट्टा झटकला, दोघांच्या मांडीवर टाकला आणि त्याखाली लेकीचा हात हातात घेतला. समोर कोण बघणार होतं? पण दुपट्ट्याशिवाय त्यांच्या हाताला वाचाच फुटत नसे, त्याला इलाज नाही. मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभ्या राहिल्या, भाकरी थापायचं विसरून.

मॅडमचा आवाज खरंच गोड होता. ख्यालीखुशाली झाली, मग त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही, नत्थुजींना आवडायचं नाही. आकडा ऐकून मैनाबाईंच्या हातातली परात वाजली. नत्थुजींनी अंगठा दाबला. रागिणी गप्प बसली.

बाजारात असं गप्प बसलं की समोरच्याला घाम फुटतो. फोनवर भलतंच झालं.

"हॅलो? रागिणी, आवाज येतोय ना?"

अंगठा तसाच.

"हॅलो? रेंज गेली वाटतं. हॅलो?" मग जरा थांबून, सावकाश, "की हे कमी वाटतंय तुम्हाला? तसं असेल तर थोडं वर बघता येईल मला."

नत्थुजींच्या मिशीत हसू आलं. पुण्याच्या असल्या तरी मॅडमना बाजाराची रीत लागूच होती. आकडा वर सरकला, घर ठरलं, दवाखान्याचा खर्च ठरला. मग मॅडम म्हणाल्या, "पहिली सुटी दीड वर्षानंतर. तिकीट कंपनीचं."

अंगठा असा दाबला गेला की रागिणीला कळ आली. या वेळी ती गप्प बसली नाही. "मॅडम, वर्षातून एकदा मला घरी यायचंय. आणि घरी काही बरंवाईट झालं तर लगेच, दीड वर्ष झालेलं असो की नसो. तसं पत्रात लिहून द्या."

मॅडमनी वरिष्ठांना विचारते म्हणून फोन थांबवला. त्यातून बासरीसारखं काहीतरी वाजू लागलं. खिडकीतून आलेलं ऊन दुपट्ट्यावर पडलं होतं आणि त्याखाली लेकीचा हात गरम होत होता. नत्थुजींचे डोळे जड झाले. बासरीच्या मागून घुंगरमाळा वाजायला लागल्या. पांढरं वावर, काठावरच्या जोड्या. रागिणी चालता चालता थांबली होती, पण मागे वळत नव्हती. तिला थांबवणारा दोर कुणाच्या हातात आहे म्हणून त्यांनी पाहिलं, तर तो त्यांच्याच हातात होता.

"रागिणी?" मॅडमचा आवाज आला. "दरवर्षी सुटी मंजूर. अडीअडचणीला लगेच यायचंही मंजूर. पत्रात लिहून मिळेल. पण आता याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. दुसरी एक मुलगी जायला तयार आहे. तुमचं हो की नाही ते आत्ताच सांगा मला."

हा आवाज नत्थुजी ओळखत होते. गिऱ्हाईक धोतर झटकून उभं राहतं तेव्हा असंच बोलतं. यानंतर ताणलं की तुटतं. दलालानं इथं मूठ उघडायची, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल.

नत्थुजींचा अंगठा दाबलेलाच राहिला.

काहीच करायचं नव्हतं त्यांना. नुसता अंगठा तसाच ठेवायचा. पोरगी हाताच्या भरवशावर गप्प बसेल, मॅडम फोन ठेवतील, सौदा मोडेल. लेक घरी राहील. कुणी बोट दाखवणार नाही, भाव जमला नाही एवढंच म्हणतील. जन्मभर त्यांनी लोकांचे सौदे जमवले होते, हा एक आपला मोडला तर काय बिघडतं? मैनाबाई दारातून त्यांच्याकडे पाहत होत्या आणि नत्थुजींनी मान वळवली.

तेव्हा त्यांना तळव्यावर कळलं. रागिणीची बोटं पुढे येत होती. तिनं हात हलवला नव्हता, तिचा चेहरा फोनकडे होता आणि अगदी शांत होता. पण बोटांची टोकं तिळातिळानं पुढे सरत होती, घेणाऱ्याची सरतात तशी. हे असं बोलणं त्या हातानं हजारदा ऐकलं होतं आणि आजवर कधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं नव्हतं.

त्यांनी मूठ उघडली.

"हो, मॅडम," रागिणी म्हणाली. "मी जाईन."

फोन बंद झाला. मैनाबाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात. रागिणीनं दुपट्ट्याखालून हात काढला नाही.

"बाबा, अंगठा लय वेळ दाबून होता आज."

"हूं."

"मॅडमचं सरलं होतं तवाच. मले समजलं होतं."

नत्थुजींनी लेकीकडे पाहिलं. "समजलं होतं तं बोलली काऊन नाई?"

"तुमी मूठ उघडली नव्हती."

"अन् उघडलीच नसती तं?"

"तं नाई म्हटलं असतं म्या त्याईले," रागिणी सहज म्हणाली. "अन् तुमाले कदी इचारलं बी नसतं."

डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण पुसायचा दुपट्टा दोघांच्या मांडीवर होता. लेकीचं सगळं जाणं-राहणं तिनं त्यांच्या मुठीत देऊन ठेवलं होतं, आणि ते तिला फसवायला निघाले होते. घटकाभर त्यांना स्वतःची लाज वाटली आणि मग लेकीचा एवढा अभिमान वाटला की लाज त्यात बुडून गेली.

"आता तुमची दलाली बोला," रागिणी म्हणाली.

"पोरीपासून कोणी दलाली घेते काय?"

"बोला, बाबा. जायच्या आधी इसार हातावर ठेवून जातो."

नत्थुजींनी जरा विचार केला. मग दुपट्ट्याखाली तिच्या तळव्यावर एक बोट ठेवलं. रोज एक फोन. याहून जास्त मागायची त्यांची छाती नव्हती.

रागिणी गप्प बसली. बाजारात बसतात तशी, चेहरा कोरा ठेवून. मग तिनं बापाचं दुसरं बोट पहिल्याच्या शेजारी ओढून घेतलं. सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

मैनाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. नाक लाल झालं होतं, पण आवाज ठणठणीत होता. "काय ठरलं मंग शेवटी?"

"सौदा झाला," नत्थुजी म्हणाले.

"ते ऐकलं म्या. तुमी दोघं अजून काय करून राहिले म्हटलं?"

"दुपट्ट्याखालचं बाहेर सांगत नसतात," नत्थुजी म्हणाले आणि एका हातानं चहाचा कप घेतला. दुसऱ्या हाताची दोन बोटं रागिणीनं अजून धरून ठेवली होती.