सूसची विहीर आणि एका पट्ट्यातले उपग्रह

मामेभावाचा, दत्ताचा फोन आला. "ताई, उद्या बिल्डरची माणसं मोजणीला येनार हायेत. विहीर जाती का ऱ्हाती, काय कळंना. तू ये." जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये सर्वेइंग शिकवून निवृत्त झालेली बहीण नातेवाइकांना अशाच वेळी आठवते. गेले.

सूसला जायचं तर डेक्कनवरून सकाळी लवकर बस धरा. पाषाणच्या पुढे रस्ता खोदलाय. कधी बुजवणार हे कंडक्टरला विचारू नका. फाट्यावरची मिसळ झणझणीत आणि खिशाला परवडणारी, पण जास्तीचा पाव मागितलात तर मालक तुमच्याकडे बघतो.

दत्ताची भाजी आणि म्हशी ज्या विहिरीवर जगतात, ती हद्दीच्या कोपऱ्यात आहे. पूर्वेला बिल्डरचा टॉवर, पश्चिमेला टेकडीचा कडा, मधे आकाशाची उत्तर-दक्षिण चिंधी. मोजणीवाल्या तरुणाने तिथेच जीपीएसचा दांडा उभा केला आणि विहीर बिल्डरच्या हद्दीत असल्याचं जाहीर केलं.

"मॅडम, बारा सॅटेलाइट मिळतायत!"

"बारा असोत नाहीतर बावीस, सगळे एका पट्ट्यात उभे आहेत!" मी ओरडलेच.

मांडवाच्या खांबाला दोऱ्या फक्त उत्तर-दक्षिण बांधल्या, तर तो पूर्व-पश्चिम डुलणारच. उपग्रहांचंही तसंच, आणि इथे हद्द नेमकी पूर्व-पश्चिमच सरकत होती. आकाश अडवलं बिल्डरने, मापातल्या चुकीचा फायदाही त्यालाच! चोर तो चोर, वर शिरजोर.

मग मोकळ्या शेतात दोन बिंदू घ्यायला लावले आणि तिथून दुर्बिणीच्या यंत्राने कोपरा मोजायला लावला. विहीर दत्ताच्या बाजूला आली. त्यावर बिल्डरचा सुपरवायझर शांतपणे म्हणतो, "दोन मापं आलीत ना? मधे घेऊ. कशाला भांडण?"

चूक आणि बरोबर यांची सरासरी! पहिल्या वर्षाच्या पोराला यासाठी मी वर्गाबाहेर काढलं असतं. दत्ता मात्र "शेजारी हायेत, बघू," म्हणत मान खाली घालून उभा. संध्याकाळी कागद घेऊन येतो, असं सांगून ती मंडळी गेली आणि मीही परतीची बस धरली.

सदाशिव पेठेत पोचले तरी राग उतरला नव्हता. चुकीचं माप दुरुस्त करता येतं, पण भिडस्त भावाचं काय करायचं? चहा टाकला तोच दत्ताच्या बायकोचा फोन आला.

"वन्सं, कागद घेऊन आलते. मधे घ्या म्हनत्यात. अर्ध्या विहिरीत मोटर कशी सोडायची, तुमीच सांगा."

"दत्ताने सही केली?"

"ह्यांनी पेन उघडला व्हता," वहिनी म्हणाली. "म्या कागद चुलीत घातला."