ताईचा पाय आणि माझी कंबर

मोताळा शहर व तालुक्यातील तमाम नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, अस्मादिकांची कंबर ही यापुढे अस्मादिकांची खाजगी बाब राहिलेली नाही. तिच्याविषयी ज्यांचे मत अद्याप झाले नसेल, त्यांनी ते त्वरित बनवावे आणि आमच्या कृषी सेवा केंद्रात दुकानाच्या वेळेत आणून द्यावे.

खरं तर या घोषणेची गरज नव्हती. लोक न सांगताच मतं आणून देत होते. ज्यांना मी वर्षानुवर्षं सोयाबीनवर कोणतं औषध मारायचं ते सांगत आलो, ते आता काउंटरच्या पलीकडून मला सांगत होते, कमरेवर काय मारायचं ते. एकाचा साडू ऑपरेशननंतर वरातीत नाचला होता. दुसऱ्याचा चुलता ऑपरेशननंतर काठीशिवाय उठला नव्हता. दोघंही एकाच वेळी दुकानात होते आणि दोघंही खरं बोलत होते. मी दोघांपुढेही मान डोलावली. मानेला तेवढं अजून काही झालेलं नव्हतं.

दुखणं जुनंच. खताची गोणी उचलताना एकदा उसण भरली, ती गेलीच नाही. आधी चप्पल घालताना त्रास. मग शिंक यायच्या आधी भिंत शोधायची सवय. मग कमरेतून डाव्या पायात वीज उतरायला लागली आणि पावलाला मुंग्या. मी हौसेनं लग्नांत माईकवर मंगलाष्टकं म्हणतो. मागच्या हंगामातलं शेवटचं मंगलाष्टक मी नवरीच्या मामाच्या खांद्याला लटकून म्हटलं. मंडपातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

अकोल्याच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला आणि फिल्म उजेडासमोर धरली. खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबत होती. "ऑपरेशन करून टाका," ते म्हणाले, "सोमवारपर्यंत कळवा." तीच फिल्म मी बुलडाण्याच्या डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "घाई करू नका. व्यायाम करा, धक्का टाळा, मालिश बंद. महिनाभर पाहू. फक्त पाय बधिर पडला किंवा त्यातली ताकद गेली, तर मात्र विचार करत बसू नका."

फिल्म एक, कंबर एक, आणि उत्तरं दोन. केलं आणि बिघडलं तर कायमचा खाटेवर. नाही केलं आणि बिघडलं तर पाय गेला. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "लोकायचं जाऊ द्या. तुमचं सोताचं काय म्हननं हाये?" ज्या माणसाला सरपंचाच्या निवडीपासून शेजाऱ्याच्या कूलरच्या जाळीपर्यंत सगळ्यावर मत आहे, त्याला स्वतःच्या कमरेवर मत नव्हतं. मी आणखी एक पोळी मागितली.

रविवारी डोणगावहून ताई आली.

आमची ताई पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले. आमच्याकडे समज असा, की पायाळू माणसानं कमरेला पाय लावला की उसण निघून जाते. लहानपणी आमच्या ओट्यावर वाकडी झालेली माणसं येऊन बसायची आणि ताई अभ्यास टाकून एकेकाला लाथ घालून यायची. एकदा तिनं चक्क एका तलाठ्याला लाथ घातली, आणि तो हात जोडून गेला. सरकारी माणसाला लाथ मारून वर त्याचा नमस्कार घेणारी आमच्या घराण्यात ती एकटीच.

दारातूनच तिनं तोफ डागली. "काऊन बे, पाठ चिरून घेऊन राह्यला म्हने?"

"आजून ठरलं नाही, ताई."

"ठरवतं कोन? घरात पायाळू बहीन हाये, अन् हा अकोल्याले निंघाला!"

बायको मध्ये पडली. "ताई, डाक्टरनं धक्का द्याची मनाई केली हाये."

"धक्का कोन देऊन राह्यलं? नुसता पाय टेकवीन."

"तुमचं टेकवनं मी पाह्यलं हाये. दिवाळीले यांच्या दोस्ताले टेकवला, तर तो सोफ्याखाली गेला होता."

"पन बरा झाला का नाही?"

"झाला," बायकोनं कबूल केलं, आणि तिचाच चेहरा गोंधळला.

मी या दोघींच्या मध्ये बसून चहा पीत होतो. मला सांगायची तशी एक चांगली बातमी होतीच. "ताई, आठवडा झाला, पायाच्या मुंग्या कमी झाल्या. पाय कसा शांत हाये आता."

"पाह्य!" ताई बायकोला म्हणाली. "म्या नुसतं येतो म्हनलं, तं गुन सुरू झाला."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. मुंग्या गेल्या म्हणजे नस सुटली असणार. शांत पायाकडे पाहून मी मनातल्या मनात ऑपरेशन निम्मं रद्द केलं होतं. उरलेलं निम्मं रद्द करायला ताईचा पाय पुरेसा होता. बायकोनं तिला शपथ घातली, की लाथ नाही, फक्त स्पर्श. ताईनं शपथ घेतली. तिच्या शपथांचा आमच्या घरातला लौकिक फारसा चांगला नाही, पण आता कोण मागे हटणार?

दिवाणावर कोपरं टेकून मी जमिनीवर गुडघे रोवले, पावलं मागे पसरली. या आसनात मला बरं वाटतं. ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिचे गुडघेही आता पूर्वीचे नाहीत, म्हणून तिनं एका हातानं बायकोचा खांदा धरला, दुसऱ्यानं दिवाणाचा कठडा. जरा पुढे सरकली, आणि उजवा पाय उचलला.

मला राहवेना. मी लग्नातला आवाज लावला. "सभ्य स्त्री-पुरुषहो, तलाठ्याला धन्य करणारा ऐतिहासिक पाय आता आपल्यासमोर..."

"गप बस!" ताई.

"पाय हवेत आहे, बहीण डुलते आहे, भाऊ निर्भयपणे..."

मग मागून काहीच आलं नाही. ना पाय, ना शिवी. मान वळवून पाहिलं, तर ताईचा उजवा पाय अजून हवेतच आणि ती खाली बघत होती. तिचा डावा पाय, म्हणजे त्या क्षणी उभी असलेली सगळी ताई, जोडव्यांसकट माझ्या डाव्या पावलावर होती. पाऊल माझंच होतं. मी ते ओळखलं. पण ती बातमी माझ्यापर्यंत आलीच नव्हती.

ताईनं हवेतला पाय हळूच फरशीवर ठेवला. माझ्या कमरेला तो लागलाच नाही. आयुष्यभर ज्यांना-त्यांना बरं करून पाठवणाऱ्या माझ्या बहिणीचा चेहरा एकदम पांढरा पडला होता. तिनं बायकोचा दंड घट्ट पकडला आणि ओरडली, "अवं, म्या आख्खी याच्या पायावर उभी होती, अन् याले पत्ताच नाही! लाव त्या अकोल्याच्या डाक्टरले फोन!"